नारिंगी कडं

बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कढई धुऊन ओट्यावर पालथी घालावी, आणि तासाभरानं उचलावी तर खाली नारिंगी कडं. काठ जिथे टेकला होता तेवढंच, कंपासनं काढल्यासारखं. पालथ्या भांड्यातलं पाणी ओघळून काठाशी येतं आणि तिथेच अडकून बसतं. स्टीलचं भांडं आठवडाभर ओलं पडलं तरी चकार शब्द काढत नाही. बीड मात्र तक्रार तासाभरात, तीही लेखी देतं.

या कड्याला घाबरूनच कितीतरी चांगले तवे अडगळीत जातात. ‘गंजला, गेला कामातून.’ गंज बहुतेक वेळा वरवरचा असतो. कामातून जातं ते तड्यानं. जुनं भांडं हाती आलं की आधी ते कानानं बघावं. दांडीला किंवा काठाला धरून अधांतरी लटकवायचं आणि लाकडी पळीनं हलकेच टिचकवायचं. ‘ठण्ण’ आवाज रेंगाळला तर ठीक. बद्द वाजलं तर कुठेतरी केसासारखी भेग आहे. बिडात 2 ते 4 टक्के कार्बन असतो. त्यानं ते साच्यात सहज ओतता येतं, पण ठिसूळही होतं. तापलेला तवा गार पाण्याच्या धारेखाली धरला की तो सरळ तडकू शकतो.

साफसफाईत गोंधळ होतो तो गंज आणि कीट यांना एकच शत्रू समजल्यामुळे. कॉस्टिक सोडा वर्षानुवर्षांचा तेलकट कीट काढतो, गंजाला हात लावत नाही. व्हिनेगर गंज खातं, कीटाकडे बघतही नाही. म्हणून कीट आधी, गंज नंतर. सोडा हळूहळू पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी नव्हे. हातमोजे, चष्मा आणि प्लॅस्टिकचा टब हवाच. ॲल्युमिनियम जवळपासही नको, ते सोड्यात विरघळतं. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून भांडं अर्धा तास बुडवायचं, काढून घासायचं, बघायचं, लागलं तर पुन्हा अर्धा तास. ‘राहू दे रात्रभर’ म्हणून झोपलात तर आम्ल गंज संपवून खुद्द लोखंडावर ताव मारतं आणि सकाळी पृष्ठभाग खरबरीत झालेला मिळतो. कीट जाळण्यासाठी भांडं थेट निखाऱ्यात टाकणाऱ्यांविषयी काय बोलावं! तवा वाकतो, वर लालसर डाग पडतात आणि त्या डागांवर पुढे तेल धरत नाही.

उघडं पडलेलं करडं बीड पुसता पुसता फडक्याला नारिंगी करतं. धुतलं की लगेच आचेवर कोरडं करायचं आणि कोमट असतानाच तेल पाजायचं. ‘पाजायचं’ या शब्दानंच घोळ केला आहे. साधारण 10 इंची तव्याला अर्धा चमचा तेल पुष्कळ झालं. ते आतून, बाहेरून, दांडीला, तळाला चोळायचं आणि मग कोरड्या फडक्यानं सगळं पुसून काढायचं, चुकून सांडलं होतं अशा थाटात. काहीच उरलं नाही असं वाटलं की जेवढं हवं तेवढं उरलेलं असतं. मग ओव्हनमध्ये पालथं, 230 ते 250 अंश सेल्सिअसला तासभर; आतच गार होऊ द्यायचं. असं तीन-चार वेळा. उष्णतेनं आणि हवेतल्या ऑक्सिजननं तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि जे उरतं ते तेल नसतंच, वॉर्निशसारखा कडक थर असतो. तेल जास्त झालं की वरची साय आधी वाळते, आतलं कच्चं राहतं, आणि तवा बोटाला चिकटतो. चिकटला तर आणखी तेल लावू नका. तसाच पुन्हा तासभर भाजा. शेगडीवरही जमतं, मंद आचेवर, खिडकी उघडून. फक्त कडांपर्यंत धग पोचत नाही, तवा फिरवत बसावं लागतं.

जवसाच्या तेलाचं फार कौतुक होतं. थर देखणा येतो, आणि पुढे खपल्यांनी निघतो. साधं सोयाबीनचं तेल बरं. आरशासारख्या चमकणाऱ्या तव्याचा मला एकूणच संशय येतो. त्यात कोणी काही शिजवत असेल असं वाटत नाही. मुरलेला तवा काळा, सारखा आणि थोडा मंद असतो.

साबणावरून भांडणं होतात, ती जुन्या साबणापायी. त्यात उरलेला क्षार थर खायचा. आजच्या भांड्यांच्या साबणानं थराला काही होत नाही. होतं ते भिजत ठेवल्यानं आणि आंबट पदार्थ तासभर रटरटत ठेवल्यानं. आणि पालथं घालण्याआधी दोन मिनिटं आचेवर न धरल्यानं. कढईच्या काठाचं ते कडं काथ्यानं घासून, थेंबभर तेल पुसून निघतं. ओट्यावरचं जायला जास्त वेळ लागतो.

कोणी, कशासाठी वापरलं हे ठाऊक नसलेलं जुनं भांडं घेताना मात्र गंज आणि तडा एवढंच बघून भागत नाही. विषारी शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, आणि गळाची वजनं किंवा बंदुकीच्या गोळ्या ओतायला लोकांनी असलीच भांडी चुलीवर चढवलेली आहेत. आत नखानं ओरखडा उठेल असे मऊ, करडे, चकचकीत ठिपके दिसले तर घासूही नका, भाजूही नका. न दिसले म्हणजे शिसं नाहीच, असंही नाही. शंका असेल तर त्यात शिजवू नका, भांडं कितीही देखणं असो.