तुम्ही विचारलंत म्हणून: आई आली की आई आल्या?

'माझ्या कथेतली सगळी माणसं माझ्यासारखीच का बोलतात?' इंदुरात मराठीत लिहिणारी मंडळी हा प्रश्न इतक्यांदा विचारतात की एकदाचं सविस्तर उत्तर लिहून टाकलेलं बरं. बहुतेकांना दोष संवादात वाटतो. मग कोणाच्या तोंडी सारखं 'अहो, ऐकलंत का' घालतात, एखाद्याला तोतरा करतात. दोष बहुधा दोन संवादांच्या मधल्या वाक्यांत असतो. ती वाक्यं कोणाची, हेच ठरलेलं नसतं.

मराठीत ते क्रियापदाच्या शेपटावरूनच कळतं. म्हातारी बाई खोलीत येते. निवेदन मुलाच्या बाजूनं असेल तर 'आई आली'. सुनेच्या बाजूनं असेल तर 'आई आल्या'. नाव तेच, पण 'ली'चं 'ल्या' झालं आणि आपण दुसऱ्याच माणसाच्या डोक्यात शिरलो. पोळ्या करायला येणाऱ्या बाईच्या बाजूनं 'आजी आल्या'. वरून सगळं बघणारा सर्वज्ञ निवेदकही यातून सुटत नाही: 'सुमती आली' की 'सुमतीबाई आल्या', हे त्यालाही ठरवावं लागतं. इंग्रजीतले निवेदनाचे धडे इथे थोडे अपुरे पडतात, कारण तिकडे सगळ्यांचं 'शी केम'वर भागतं. सुनेच्या बाजूनं चाललेल्या कथेत तिसऱ्या पानावर 'आई आली' असं पडलं की वाचक अडखळतो. का, ते त्याला सांगता येत नाही, पण सुनेवरचा त्याचा विश्वास उडतो.

जवळून बघू. इंदूरच्या सराफ्यातली संध्याकाळ, दुकानं वाढवून त्यांच्या ओट्यांवर खाण्याचे ठेले लागायची वेळ. आई पाटल्या मोडायला आली आहे, मुलगा सोबत आहे. आधी मुलाच्या बाजूनं, तृतीयपुरुषी:

'उजव्या हातातली पाटली निघेना. दुकानदारानं साबण मागवला. मिलिंदनं बाहेर पाहिलं. समोरच्या ओट्यावर भुट्ट्याच्या कीसाची कढई चढत होती. आईला साबण लावताना त्याला बघायचं नव्हतं.'

आता आईच्या तोंडून:

'चार तोळ्यांच्या होत्या. काट्यावर पावणेचार भरल्या म्हणे. झिजल्या असतील, मी नाही कुठे म्हणते? पण भाकऱ्या थापताना मी त्या नेहमी काढून ठेवायची. आणि हा तिकडे रस्त्यावर काय बघतोय?'

दुसऱ्या उताऱ्यात साबण नाही, कारण तिला तो सांगायचा नाही. मुलाच्या उताऱ्यात तोळे नाहीत, कारण त्याचं लक्ष काट्याकडे नव्हतंच. दृष्टिकोन म्हणजे कॅमेरा कुठे ठेवला एवढंच नाही. हे माणूस कशाचं नाव घेतं, कशाला टाळतं, कशाचा हिशेब ठेवतं, तेही त्यात आलं. आवाज त्यातून तयार होतो. आणि त्या एका 'म्हणे'कडे बघा: दुकानदाराचा काटा तिला मान्य नाही, हे दोन अक्षरांत आलं. हा शब्द सर्वज्ञ निवेदकाला वापरता येत नाही. त्याला सगळं ठाऊकच असतं, तो 'म्हणे' कशाला म्हणेल?

यावरून एक चाचणी करता येते. आपल्या कथेतला दोनेकशे शब्दांचा 'मी'चा उतारा घ्या, सगळीकडे 'मी'चं 'ती' करा, क्रियापदं जुळवा. तेवढ्यानं उतारा बिनतक्रार चालला, तर 'मी'चा आवाज त्यात कधी नव्हताच. तुम्ही स्वतःच बोलत होतात. आईचा उतारा असा फिरवून पाहा. 'ती नाही कुठे म्हणते' इथेच गाडी अडते.

तृतीयपुरुषात राहूनही हा आवाज ठेवता येतो, आणि मराठीत ते सोपं आहे. पुरुष बदला, अडेल तेवढं फिरवा, बाकीचं तसंच ठेवा: 'झिजल्या असतील, ती नाकारत नव्हती. पण हा तिकडे रस्त्यावर काय बघतोय?' 'हा' आणि 'बघतोय' हे आईचेच शब्द. 'असं तिला वाटलं' हे शेपूट लावलंत की मेलं. 'तिला दिसलं', 'तिला जाणवलं', 'तिच्या मनात आलं' हे सगळं दुसऱ्या खर्ड्यात शोधून काढा. एकदा आत शिरल्यावर दरवेळी दार वाजवायचं कारण नाही. याच्या उलटची चूक 'मी'च्या कथेत होते: 'माझा चेहरा पांढराफटक पडला.' कोणी पाहिला? आरसा नसेल तर वाक्य काढा.

एकाच परिच्छेदात आईला वाईट वाटतं, मिलिंदलाही वाटतं, दुकानदारही हळहळतो, हे तर फारच दिसतं. तिघांचं सांगितलं की कोणाचंच लागत नाही. नजर बदलायचीच असेल तर निदान एक ओळ मोकळी सोडा, आणि पहिल्याच वाक्यात नवं संबोधन येऊ द्या.

इंदूरकरांसाठी आणखी दोन गोष्टी. आपल्या कानावर दिवसभर हिंदीतलं 'अपन' असतं. ते 'आम्ही'लाही चालतं, 'आपण'लाही, आणि ऐटीत असलो तर एकट्या 'मी'लाही. त्यामुळे 'आपण काल राजवाड्यावर गेलो होतो' असं, सोबत नसलेल्याला सांगताना लिहिलं जातं. पात्राच्या तोंडी ते शोभून दिसतं. पण निवेदक इंदुरी नसेल तर तिथे 'आम्ही'च हवं, कारण 'आपण' म्हटलं की वाचकही राजवाड्यावर आला.

दुसरी गोष्ट दुकानदाराची. तो हिंदीत बोलणार. आईच्या बाजूनं लिहिताना त्याचं 'अम्माजी, घट तो कटेगी' तसंच ठेवा आणि पुढच्या ओळीत भाषांतर देऊ नका. तिला कळलं आहे, वाचकालाही कळेल. दुकानदाराच्याच बाजूनं लिहायचं झालं तर निवेदन मराठीच राहील, पण त्यात पाटल्यांचं कौतुक येणार नाही. कसोटीवरची रेघ येईल, घट येईल, बाहेर ओटा रिकामा व्हायची वाट बघणारा कीसवाला येईल, आणि म्हातारीबरोबर आलेला तो मुलगा, जो भाव विचारत नाही.