कुस्तीच्या मैदानातली माझी इंटर्नशिप

रविवार, रात्री

क्रीडा व्यवस्थापनाच्या (स्पोर्ट्स मॅनेजमेंट) इंटर्नशिपचा रिपोर्ट शुक्रवारी जमा केला. स्पायरल बायंडिंग, कॉलेजचं कव्हर, आत 'भागधारकांचं विश्लेषण' नावाचा तक्ता, म्हणजे कार्यक्रमाशी ज्यांचा ज्यांचा संबंध येतो त्या सगळ्यांचा (स्टेकहोल्डर्स). त्या तक्त्यात प्रायोजक, प्रेक्षक, खेळाडू, पोलीस यांच्या खाली हलगीवाल्यालाही एक ओळ दिली आहे. गाइड सरांनी नेमका त्याच ओळीला पेन्सिलने गोल केलाय. गुरुवारी व्हायवा आहे, तेव्हा विचारतीलच.

यूजीसीच्या हिशेबात इंटर्नशिपचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट. वर्गातली बरीच मुलं तास भरायला पुण्या-बेंगळुरूला गेली. मला बेळगावातलं वडगाव सोडून जायचं नव्हतं, घरचे विणकामाचे माग एकट्या पप्पांच्या अंगावर पडतात. बेळगावातच सामने भरवून देणाऱ्या एका छोट्या संस्थेनं घेतलं. सुरुवातीला सरदार्स मैदानावर टेनिस बॉल क्रिकेट. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. टी-शर्ट, ट्रॉफ्या, यूट्यूबवर लाइव्ह आणि दर नो-बॉलला भांडण. पुढे सुगी आटोपली, मैदानांचा, म्हणजे गावोगावच्या जाहीर कुस्त्यांचा, हंगाम लागला. तालुक्यातल्या एका गावच्या कुस्ती कमिटीनं संस्थेकडे मदत मागितली आणि मला तिकडे धाडलं.

"पोरीला कशाला पाठवलाय?" कमिटीतल्या एका काकांनी माझ्यासमोरच विचारलं.

"लिवायला येतंय की तिला. असू दे गा," वस्ताद म्हणाले. विषय संपला.

पहिल्या सेमिस्टरला आम्हाला शिकवलं होतं की हा विषय जन्मला अमेरिकेत. १९५७ मध्ये डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी जेम्स मेसन या प्राध्यापकांना पत्र लिहून विचारलं, की स्टेडियम आणि संघ चालवायला शिकलेला माणूस हवा असेल तर तो आणायचा कुठून? त्यातून १९६६ मध्ये ओहायो विद्यापीठात पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. वस्तादांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "त्याआधी कोण चालवत हुतं?"

वर्गणीपासून सुरुवात झाली. मैदानाच्या पत्रकावर प्रत्येक कुस्तीपुढे देणगीदाराचं नाव असतं आणि बहुतेक नावांमागे 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. म्हणजे प्रायोजक अख्ख्या मैदानाचा नसतो, एकेका कुस्तीचा असतो. गल्लीतल्या एका आजींच्या घरी गेलो. नवऱ्याच्या नावानं त्या दरवर्षी एक कुस्ती लावतात. चहा झाला, पैसे दिले, पावतीवरचं नाव दोनदा वाचून घेतलं आणि अटी सांगितल्या: जोड आत उतरताना एकदा आणि इनाम देताना एकदा, असं दोनदा माइकवर नाव पुकारायचं. नावाच्या आधी 'पैलवान' म्हणायचं. इनाम नातवाच्या हातानं द्यायचं. कॉलेजात ज्याला 'डिलिव्हरेबल्स' म्हणतात ते इतकं स्पष्ट मी कुठल्याच प्रस्तावात वाचलेलं नाही.

त्याच आठवड्यात एका कंपनीच्या सीएसआर विभागाशीही बोलणं झालं. २०१३ च्या कंपनी कायद्याचं १३५ वं कलम मला पाठ आहे: ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. त्यात ग्रामीण खेळांचं प्रशिक्षणही बसतं. खरी मेख 'प्रशिक्षण' या शब्दात आहे. एका दिवसाचा कार्यक्रम सीएसआर धरला जात नाही, सरकारनं २०१४ च्या परिपत्रकात तसं स्पष्ट केलंय. म्हणून मी मैदानासाठी न मागता तालमीसाठी गादी मागितली. पोरं मातीत तयार होतात, पण जिल्हा आणि राज्य पातळीवर गादीवर लढतात. प्रस्ताव चांगला झाला होता, अजूनही मला तसंच वाटतं. साहेबांनी 'ब्रँड व्हिजिबिलिटी'चा आकडा मागितला, तोही पाठवला. त्यानंतर फोन उचलणं बंद. आजींचे पैसे मात्र सगळ्यात आधी आले होते.

खाशाबा जाधवांचं उदाहरण आमच्या पुस्तकात नाही, असायला हवं होतं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून पैसे उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या पैशांवर आलं. आमच्याकडची पावतीपुस्तकं त्याच जातकुळीतली आहेत.

परवानग्यांचं काम माझ्याकडे आलं कारण माझं कन्नड शाळेपासूनचं बरं आहे. पोलीस ठाण्याचा अर्ज, हेस्कॉमकडे तात्पुरत्या विजेचा अर्ज, रुग्णवाहिकेसाठी पत्र, सगळं कन्नडमध्ये. पत्रक, पावत्या, माइक मराठीत. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, निदान कुस्तीच्या गावात नाही. गोकाक, अथणी, दावणगेरेचे पैलवान आले की निवेदक सरळ कन्नडमध्ये शिरतात आणि सांगली-कोल्हापूरचे आले की परत मराठीत. एकच ठिकाण असं आहे जिथे सीमा पैलवानाच्या आडवी येते. 'महाराष्ट्र केसरी' १९६१ पासून चालू आहे, आमची पोरं तिचे फोटो मोबाइलवर लावून फिरतात, पण खेळायचं असतं कर्नाटकाकडून. तालीम कोल्हापूरची, वस्ताद कोल्हापूरचे, किताब मात्र 'कर्नाटक केसरी'. रिपोर्टात 'खेळाडूंचा करिअर मार्ग' या मथळ्याखाली मी हे लिहिलं होतं. सरांच्या सांगण्यावरून काढलं. इथे लिहून ठेवते.

मैदानाच्या दिवशी दुपारी जोडी लावणं बघितलं. त्यासाठीच हा विषय घेतला होता की काय, असं वाटलं.

हौद्यातली लाल माती आदल्या दिवशी खणून, ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर घालून मऊ केलेली. कडेला वस्ताद खुर्चीवर, गुडघ्यावर वही, वहीत फक्त इनामाच्या रकमा. मोठ्या कुस्त्या महिनाभर आधी फोनवर ठरतात, पत्रकावर छापतात. बाकीच्या तिथंच. पोरं लंगोट लावून एकेक करून पुढं येतात. वस्ताद आधी कान बघतात, मग मान, मग पोटऱ्या. "कुठल्या तालमीतला?" "किती वर्सं?" "मागं कुठं लढलास?" या तीन प्रश्नांत काम होतं. मग गर्दीतून दुसऱ्याला हाताला धरून शेजारी उभं करतात. दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहतात, बघणारे ठरवतात. "जमलं!" असा आवाज आला की दोघांचे हात वर धरून हौद्याला फेरी मारतात. कुणाला पटलं नाही तर तो तिथंच ओरडतो आणि जोड मोडते. हजार माणसांसमोर चाललेला कारभार, चोरून काही नाही.

मी वजनकाटा नेला होता. वस्तादांची हरकत नव्हती, "ठेव बाजूला" म्हणाले. लावलेल्या जोडी मी गुपचूप काट्यावर उभ्या करत होते. बऱ्याचशा किलो-दोन किलोच्या फरकात बसल्या. एका जोडीत मात्र फरक भरपूर होता. धावत जाऊन सांगितलं.

"जड हाय तो नवा हाय. हलका हाय त्यो चार वर्सं मातीत हाय," वस्ताद वहीतनं मान वर न काढता म्हणाले. "काटा मास सांगतोय, खरं दम सांगत नाही."

ती कुस्ती हलक्यानं घिस्सा डावावर मारली. तरीही माझं मत बदललेलं नाही. नजर त्यांच्याकडे आहे, पण ती त्यांच्याबरोबर जाणार. आणि मान मोडली तर 'दम होता' म्हणून दवाखान्यात चालत नाही. रुग्णवाहिका उभी करण्यावरून माझी कमिटीशी वादावादी झाली, ती बरोबरच होती. संध्याकाळी एकाचा खांदा निखळला तेव्हा खर्चाचा मुद्दा कुणी परत काढला नाही.

आता हलगी. दोन-तीन कुस्त्या झाल्या की कातडं सैल पडतं, मग हलगीवाले बाजूला वाळलेलं गवत पेटवून त्यावर हलगी फिरवतात, बोटानं टिचकी मारत ऐकतात. ताणलं गेलं की परत. जोड नुसती हाताला हात घासत उभी राहिली की ठेका हळू, पट काढायला कुणी वाकलं की ठेका दुप्पट, मग अख्खं मैदान उठून उभं. दोन पैलवान दमून अडकून बसले होते, पंच 'बरोबरीत सोडवू' म्हणायच्या बेतात. हलगीवाल्यांनी जवळ सरकून असा काही ठेका धरला की खालच्यानं उसळी घेतली. निकाल लागला. ज्या माणसामुळे प्रेक्षक जागेवरून हलत नाही तो भागधारक नाही तर कोण?

एक नंबरची कुस्ती नेहमी शेवटी आणि शेवट नेहमी उशिरा. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. हवालदार घड्याळ दाखवत होते. पाहुण्यांचे सत्कार निम्मे कापा, असं मी अध्यक्षांना सांगितलं. ते माझ्यावर अजून रागावलेत. पण माइक बंद व्हायच्या आत गदा दिली गेली.

परवा सर्टिफिकेट आणायला गेले तेव्हा कमिटीतलेच काका भेटले, पोरीला कशाला पाठवलं म्हणणारे. यंदा मुलींच्या मोजक्याच कुस्त्या होत्या, त्यांनाच सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये कुराश या कुस्तीसारख्या खेळाच्या ५२ किलो गटात कांस्य आणलं, तेव्हापासून आसपासच्या गावांतल्या आया स्वतःहून मुलींना घेऊन येतात, असं वस्ताद सांगतात. पुढच्या वर्षी मुलींचा वेगळा विभाग करायचा म्हणतायत, जोडी लावायला मला बसवायचं म्हणतायत.

मी अट घातली आहे: आदल्या संध्याकाळी वजन, आणि ५०, ५३, ५७ अशा ऑलिंपिकच्या गटांतच जोड. काका म्हणतात एवढ्या मुली एका गटात मिळणार नाहीत. निपाणी, खानापूर, चंदगडला आधीपासून कळवलं तर मिळतील, असं माझं म्हणणं. वस्तादांनी अजून कुणाचीच बाजू घेतलेली नाही. उद्या तालमीत बोलावलंय.