बुटक्या कृमीत पेशी कमी असतात का?

जेमतेम एक मिलिमीटरचा कृमी, नाव सीनोरॅब्डायटिस एलिगन्स. त्याची लांबी मोजण्यात एवढी वर्षं कशी गेली, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

त्याचा बुटका म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेला कृमी, पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी धरूनच चालले होते की याच्यात पेशी कमी असणार. तसं नसतं. निरोगी उभयलिंगी प्रौढात 959 कायिक पेशी (म्हणजे प्रजननपेशी सोडून शरीराच्या बाकी पेशी), आणि बुटक्यातही संख्या घटलेली नसते. अंड्यातून बाहेर येताना तो इतरांएवढाच असतो. मागे पडतो तो पुढे वाढताना. पेशी तेवढ्याच, पण त्या भरत नाहीत. हे कळलं आणि मी या कृमीत अडकले.

जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी 1974 साली या कृमीच्या लांब, लहान आणि ‘डंपी’ म्हणजे आखूड पण जाड अशा म्युटंटांची वर्गवारी मांडली. डंपींपैकी पुष्कळांत बिघाड कोलॅजनचा, म्हणजे बाहेरच्या आवरणाचा. लहानांची गोष्ट मला जास्त मोहवते, कारण तिथे बिघाड पेशींनी एकमेकींना धाडायच्या निरोपाचा असतो. हा निरोप म्हणजे डीबीएल-1 नावाचं प्रथिन, आणि ते मुख्यतः चेतापेशी सोडतात. तो निरोप घेणाऱ्या ऊतींत आवरणाखालचा थर, हायपोडर्मिस, लांबीसाठी सर्वात महत्त्वाचा. निरोप पोचला नाही तर कृमी बुटका, जास्त झाला तर लांब. एलओएन-2 हे प्रथिन त्याला आवर घालतं. ते नसलं की कृमी नेहमीपेक्षा लांब होतो. ग्राहीचं, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाचं, जनुक बिघडलेल्या कृमीत ते फक्त हायपोडर्मिसमध्ये परत चालू केलं, तरी लांबी परत येते! उंची ठरते कुठे, याचं इतकं नेमकं उत्तर फार थोड्या प्राण्यांत मिळालंय.

निरोप पेशीच्या आत नेणाऱ्या प्रथिनांना ‘स्मॅड’ म्हणतात. नावातला ‘स्मा’ या बुटक्या कृमींचा, ‘मॅड’ फळमाशीच्या जनुकाचा. हीच प्रथिनं माणसाच्या हाडांच्या वाढीतही राबतात. पण केवळ माणसाशी नातं आहे म्हणून कृमी महत्त्वाचा, हे मला पटत नाही. तो स्वतःच पुरेसा आहे.

या जनुकांतला बिघाड लांबीवर थांबत नाही. नराच्या शेपटीला स्पर्श आणि रसायनं ओळखणारे काड्यांसारखे किरण असतात. बुटक्या नरांत त्यांतले काही एकमेकांना चिकटतात. म्हणून लांबी मोजून झाली की मी नर वेगळे काढते आणि शेपट्या बघायला बसते.