नोकरी नसलेला वास

सुगंधी मेणबत्ती आणि छताचा पंखा यांचं पटत नाही. पंखा अगदी एकवर असला तरी ज्योत आडवी होते, मेण एकाच कडेने वितळतं आणि बरणीच्या काचेवर काजळीचा पट्टा चढतो. बरणीच्या तळाला चिकटवलेल्या कागदावर ‘वाऱ्यापासून दूर ठेवा’ असं लिहिलेलं असतं. ते लिहिणारा मे महिन्यात ठाण्यात राहिलेला नसावा. पंखा बंद करून, मंद उजेडात, घामाच्या धारा पुसत मन शांत करण्याची कला मला तरी अवगत नाही.

म्हणून आमच्याकडे या मेणबत्त्यांचा हंगाम आषाढात सुरू होतो. आतल्या खोलीत दोरीवर न वाळणारे कपडे, त्यांच्यावर पाचवर सोडलेला पंखा, आणि बाहेरच्या खोलीत पंख्याशिवाय तासभर बसता येईल इतपत गारवा. खिडक्या बंद, त्यामुळे दुपारच्या फोडणीला बाहेर जायला वाट नाही. कपाट उघडलं की कुबट वास. अशा घरात संध्याकाळी काहीतरी बरं दरवळावं असं वाटणं ही काही चैन नव्हे.

उदबत्ती आहे की, असं आमच्या सासूबाई म्हणतात. आहेच. पण उदबत्ती लावली की पाय आपोआप जमिनीवर येतात, पाठ ताठ होते, टीव्हीचा आवाज कमी केला जातो. ती देवाची. तिच्यासमोर सोफ्यावर लोळून मोबाइल बघवत नाही.

मेणबत्तीवर तसा कुणाचा हक्क नव्हता, असंही नाही. वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत सप्टेंबरमध्ये मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. ज्याचा जो नवस, त्याने तो आकार वाहायचा. आणि आमच्या पिढीला मेणबत्ती आठवते ती भारनियमनातली. पालथ्या वाटीवर दोन थेंब मेण गाळून त्यात रोवलेली, शेजारी काड्यापेटी, आणि भोवती गृहपाठ. त्यामुळे पहिल्यांदा मी सुगंधी मेणबत्ती लावली तेव्हा सासूबाईंनी आतून विचारलं, “लाइट गेले का गं?” नाही म्हटल्यावर त्यांनी बाहेर येऊन एकदा दिव्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

आता निवडण्याचं. दुकानात ओळीने बरण्या मांडलेल्या असतात आणि नावं अशी, की आत काय आहे याचा पत्ता लागू नये. ‘समुद्रकिनारा’ नावाची एक मी फार कुतूहलाने हुंगली. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीला बोंबील सुकत घातलेले असताना ज्याने श्वास घेतला आहे, त्याला या बरणीतला साबणासारखा निळा वास समुद्राचा आहे हे पटवणं कठीण. ‘पहिला पाऊस’ त्यापेक्षा प्रामाणिक होती. मातीचा हा वास मुख्यतः जिओस्मिन नावाच्या रसायनामुळे येतो. जमिनीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि आपल्या नाकाला त्याचा अंशाचा अंशही पुरतो. कनौजला भाजलेल्या मातीच्या चकत्या तांब्याच्या डेगमध्ये घालून त्याची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, आणि ते मातीचं अत्तर खरोखर पावसाची आठवण देतं. पण बिटाला येणारा मातकट वासही याच जिओस्मिनचा. मेणबत्तीवाल्याचा हात थोडा सैल सुटला की पहिला पाऊस पडायच्या ऐवजी बिटाची कोशिंबीर समोर येते.

तीन-चार बरण्या हुंगल्या की नाक बधिर होतं. मग दुकानातली मुलगी कॉफीच्या बियांची वाटी पुढे करते. त्याने नाक ताजंतवानं होतं असा समज आहे, पण प्रयोग करून पाहिला तेव्हा कॉफीचा साध्या हवेपेक्षा जास्त उपयोग दिसला नव्हता. मी सरळ दुकानाच्या दारात जाऊन उभी राहते. शिवाय तिथे आपण हुंगतो तो गार मेणाचा वास. पेटवल्यावर मेण तापतं, आणि गार असताना दबून राहिलेलं एखादं तेल पुढे येतं किंवा पुढे असलेलं भुर्रकन उडून जातं. लिंबू-संत्र्याच्या जातीचे वास असे उडणारे. लाकडाचे, मुळ्यांचे वास रेंगाळणारे.

पण हे सगळं तंत्र झालं. माझी खरी अडचण वेगळी होती. बहुतेक सगळे चांगले वास आपल्या घरात आधीच नोकरीला लागलेले आहेत.

लिंबाचंच घ्या. तो कधीच भांड्यांच्या साबणात कामाला लागला. लिंबाची मेणबत्ती लावून बसलं की पाच मिनिटांत ओट्यावरची कढई आठवते. पाइन फरशी पुसतो. निलगिरी सर्दीची. लवंग दाताच्या डॉक्टरांकडे बसते. दाढ भरायच्या मसाल्यात लवंगेतलंच युजेनॉल असतं, त्यामुळे लवंग-दालचिनीची ती नाताळातली लाल मेणबत्ती पेटवली की माझी जीभ आपोआप डाव्या दाढेकडे जाते. व्हॅनिला लावली की मुलगा येऊन विचारतो, केक कुठाय? चंदन पूजेचं. निशिगंध लग्नाच्या मांडवात असतो आणि दुसऱ्याही एका मांडवात असतो, त्याबद्दल बोलायला नको. मोगऱ्याला कामाला जुंपायला जीव होत नाही. दादरच्या फुलबाजारातून ओल्या फडक्यात आणलेला गजरा एकदा उशाशी ठेवला असेल, तर मेणातला मोगरा परका वाटतो.

गुलाबाची गोष्ट निराळीच. किलोभर गुलाबतेलासाठी साधारण साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात, तेव्हा चारशे रुपयांच्या बरणीत गुलाब असेल अशी आशा धरू नये. तिथे असतात ती जिरॅनिऑलसारखी, गुलाबाचा वास देणारी रसायनं, आणि यात नवं काही नाही. आपल्या खानदेशातल्या रोशा गवताच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर. एके काळी हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे आणि तिथून कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, जायचं आणि गुलाबाच्या तेलात भेसळ म्हणून मिसळलं जायचं. व्यापारात त्याला ‘तुर्की जिरॅनियम’ म्हणत. धुळ्या-नंदुरबारकडच्या डोंगरातलं गवत तुर्कस्तानी नाव घेऊन युरोपभर गुलाब म्हणून मिरवत होतं, याचा मला उगीचच अभिमान वाटतो. गुलाबाची मेणबत्ती मात्र मी घेत नाही. ती लावली की गुलाबजामच्या पाकाशेजारी बसल्यासारखं होतं.

या यादीत एक वास बेकार राहतो, तो लॅव्हेंडर. जगभर त्याला झोपेचा, शांततेचा वास म्हणतात; त्यातल्या लिनॅलूल या सुगंधी घटकाला त्याचं श्रेय देतात. असेल. पण मराठी घरात त्याचं खरं बळ असं, की आपल्या लहानपणी तो नव्हता. त्याच्याशी ना परीक्षा जोडलेली, ना पूजा, ना दवाखाना. वासाची वाट मेंदूत इतर संवेदनांसारखी आधी थॅलॅमसच्या चौकीवर थांबत नाही. ती थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी जाऊन भिडते. म्हणून वास आला की आधी पोटात काहीतरी हलतं, नाव मागाहून सुचतं. लॅव्हेंडरला आमच्या पोटात हलवण्यासारखं काही सापडतच नाही. कोरी पाटी. आता जम्मूतल्या भदरवाहच्या उतारांवर शेतकरी मक्याऐवजी लॅव्हेंडर लावू लागलेत, म्हणजे परकेपणाही फार राहिलेला नाही. फक्त त्याला कामावर घेणारे टपून बसले आहेत. टॅक्सीच्या आरशाखाली लटकणाऱ्या पुडीत तो दिसू लागलाय, हॉटेलांच्या स्वच्छतागृहांत तर कायमचाच झालाय. आणखी दहा वर्षांत त्याचीही शांतता संपेल असा माझा अंदाज आहे.

तरी मी लॅव्हेंडरवर थांबले नाही. कोरी पाटी बरी, पण तिच्यावर काही लिहिलेलंही नसतं. मला सापडला वाळा. तोही तसा नोकरदारच, पण त्याची नोकरी निवांतपणाचीच होती. माठात सोडलेली जुडी, खिडकीला लावून पाण्याने भिजवलेला पडदा, आणि बाहेर ऊन रणरणत असताना आत फरशीवर पडून राहिलेली माणसं. वाळ्याचा वास ज्या ज्या वेळी आला त्या त्या वेळी कुणी कुणाला काम सांगत नव्हतं. मुळ्यांचं तेल असल्यामुळे तो जड, सावकाश चढणारा. पेटवल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही आणि पैसे पाण्यात गेले असं वाटतं. मग खोलीच्या कोपऱ्यातून ओल्या गवताचा वास हळूहळू पुढे सरकतो.

मात्र हे सुख अल्पजीवी. पंधरा-वीस मिनिटांत नाक सरावतं आणि वास येईनासा होतो. मेणबत्ती दरवळतच असते, पण ती दारातून आत येणाऱ्यासाठी. त्यावर उपाय म्हणजे उठून आतल्या खोलीत जायचं, कपडे कितपत वाळलेत ते चाचपायचं आणि परत यायचं. जास्त घमघमणारी मेणबत्ती हा मात्र उपाय नव्हे. मेणात सुगंधी तेल साधारण सहा ते दहा टक्के असतं. त्यापलीकडे वास चढत नाही, डोकं चढतं.

मेण कशाचं, यावरून बरेच वाद चालतात. पॅराफिन हे खनिज तेल शुद्ध करताना निघणारं मेण. सोयामेण म्हणजे सोयाबीनच्या तेलात हायड्रोजन घालून घट्ट केलेली वस्तू. वनस्पती तूप असंच करतात, म्हणजे डालडाच्या घराण्यातलं. ते कमी तापमानाला वितळतं आणि सावकाश जळतं, म्हणून मी तेच घेते. पण त्यामुळे धूर होतच नाही यावर विश्वास ठेवू नये. वात लांब राहिली की कुठलंही मेण काजळी धरतं. दर वेळी पेटवण्याआधी वात सहा मिलिमीटरच्या आसपास कापायची. आमच्याकडे ते काम नेलकटर करतो. आणि पहिल्यांदा लावाल तेव्हा सगळा पृष्ठभाग कडेपर्यंत वितळेस्तोवर विझवायची नाही. घाईने विझवली तर पुढच्या प्रत्येक वेळी ती तेवढ्याच गोलात वितळत खाली जाते, मधे विहीर पडते आणि कडेचं मेण वाया जातं. बरणी जितकी रुंद तितका हा पहिला वेळ जास्त.

विझवण्यावरून मात्र घरात एकमत आहे, आणि ते सासूबाईंमुळे. मी पहिल्यांदा फुंकर मारायला वाकले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, ज्योत फुंकू नये. वाढदिवस आहे का?” मी झाकण ठेवलं. ज्योत आपोआप मिटली, आणि फुंकल्यावर उठतो तो करपट धूर झाकणाखालीच राहिला. मेणबत्ती बनवणारेही हेच सांगतात. फक्त ते काचेला तडा जाण्याबद्दल आणि उडणाऱ्या मेणाबद्दल बोलतात, लक्ष्मीबद्दल नाही.

सासूबाईंना वाळ्याचा वास आवडतो की नाही, हे अजून कळलेलं नाही. विचारलं की “ठीक आहे” म्हणतात. पण बरणीवर त्यांची नजर आहे. मेण तळाला आलं की त्या ती गरम पाण्यात बुडवतात, बोटाने उरलेलं मेण काढतात, भांड्यांच्या साबणाने दोनदा घासतात आणि गॅलरीत उपडी घालतात. मागच्या हंगामातल्या एका बरणीत सुपारी आहे, दुसरीत वाती. परवा मी नवी घ्यायला निघाले तर स्वयंपाकघरातून आवाज आला, “घेतेच आहेस तर रुंद तोंडाची बघ. यातून हात नीट आत जात नाही.”