अमळनेरचं घर, महिना सातवा: स्लॅबचा ताप

स्लॅब पडून दीड महिना झाला. पाणी मारणं संपलं आणि खरा प्रश्न डोक्यावर आला. मेच्या अखेरीस आपल्याकडे दुपारी सूर्य थेट माथ्यावर असतो, सावली पायाखाली जाते. छज्जा भिंती सांभाळेल, छताचं काय? सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री खोलीत ओततो. आजोबांच्या धाब्याच्या घरात लाकडी कड्यांवर हातभर माती होती. तिच्यातून ऊन खाली उतरेपर्यंत दिवस मावळायचा, आणि उतरायचं तेही थोडंच.

म्हणून अर्ध्या स्लॅबला चुना आणि डिंकाचे दोन हात दिले. एप्रिलात दुपारी तीनला इन्फ्रारेड थर्मामीटर लावला: उघडा भाग 61 अंश, चुन्याचा 44. उघड्या भागावर अनवाणी पाय ठरेना, चुन्यावर मी आरामात उभा होतो. पण चुना पावसाळ्यात धुपतो. म्हणून कायमचं काम वेगळं ठरवलंय: उपडी मडकी, मधल्या फटींत चुना-विटेचा चुरा, वर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. मडक्यांतली कोंडलेली हवा उष्णता अडवते. वजन वाढतं, तेव्हा इंजिनियरला स्लॅब टाकण्याआधीच विचारा. मी विचारलं होतं.

भिंती रॅट-ट्रॅप बाँडच्या. लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली हीच पद्धत. विटा उभ्या लावायच्या, 9 इंची भिंतीत 3 इंचांची पोकळी राहते आणि विटा साधारण पाव हिश्श्याने वाचतात. मिस्तरीने पहिल्या दिवशी विचारलं, "भाऊ, पोकळ भित कशी टिकी?" आता तोच दुसऱ्यांना दाखवतो. चूक माझीच झाली. वायरिंगचे पाइप आधी न ठरवल्याने नंतर खाच मारली, उभी वीट फुटली आणि खिडकीखालचे चार थर पुन्हा करावे लागले. पाइप भिंत चढतानाच घाला.

सोलर सगळ्यात शेवटी. साधा पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, 28च्या आसपास. आधी ऊन अडवलं, मग पंखे बदलले, म्हणून 3 किलोवॉटऐवजी 2 पुरेल असा माझा हिशेब आहे. पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॉटला 60,000 रुपये अनुदान मिळतं. पॅनल आधी आणि छत नंतर, हा क्रम मला पटत नाही.

मडकी मंगळवारी येतील. पश्चिमेच्या भिंतीलगतचा शेवगा गुडघ्याला लागलाय.