ताटाची डावी बाजू

गेल्या श्रावणात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या उजव्या भागातील रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. रुग्णालयातून सदाशिव पेठेतल्या घरी परतल्यावर आमचे सगळे लक्ष त्यांच्या डाव्या हातापायाकडे होते. मूठ किती वळते, जिन्याच्या किती पायऱ्या चढता येतात, एवढेच आम्ही रोज पाहत होतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना कौतुकाने सांगत होतो.

त्याच दिवसांत बाबा चटणी, कोशिंबीर, लोणचे यांना हात लावेनासे झाले. मीठ कमी करण्याचा डॉक्टरांचा सल्ला ते कसोशीने पाळत असावेत, असे आईला वाटले. मग एका दुपारी त्यांनी आणखी भात मागितला म्हणून मी ताटाकडे नीट पाहिले. उजवीकडची भाजी संपली होती, आमटीची वाटी रिकामी होती आणि समोरच्या भाताची मूद उजव्या अंगाने बरोबर निम्मी खाल्लेली होती. डावा अर्धा भाग भिंतीसारखा तसाच उभा होता. मी काही न बोलता ताट अर्धे फिरवले, तेव्हा त्यांनी उरलेला भात आणि कोशिंबीर आवडीने खाल्ली.

पुढच्या तपासणीत न्यूरॉलॉजिस्टांनी त्यांना घड्याळ काढायला सांगितले. बाबांनी वर्तुळ व्यवस्थित काढले, पण बाराही आकडे त्याच्या उजव्या अर्ध्या भागात कोंबले. या अवस्थेला 'नेग्लेक्ट' म्हणतात. यात डोळे शाबूत असूनही मेंदू डावीकडच्या जगाची दखलच घेत नाही. ज्याची एका बाजूची नजर गेली आहे, त्याला निदान ती उणीव कळते आणि तो मान वळवून ती भरून काढतो. बाबांना मात्र काही राहून जाते आहे याचीच जाणीव नव्हती. 'सदाशिव' हा शब्द ते 'शिव' असा वाचत होते, आणि तेही पूर्ण खात्रीने. रस्ता ओलांडताना तर मला धडकीच भरे, कारण दुभाजकापर्यंतची वाहने त्यांना दिसत, पण त्यापुढची डावीकडून येतात.

ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाने, सुचवल्याप्रमाणे वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला आम्ही लाल पट्टी चिकटवतो आणि ती दिसेपर्यंत नजर न्यायची, मगच ओळ वाचायला सुरुवात करायची, असा नेम ठेवला आहे. आई आता त्यांच्या डावीकडे बसून बोलते. दर रविवारी मी कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ ओढून त्यांना मध्यावर खूण करायला सांगतो. सुरुवातीला ती खूण उजवीकडे फार सरकलेली असे, आता मध्याच्या बरीच जवळ येते. ते कागद तारखेसह एका वहीत लावले आहेत आणि प्रत्येक तपासणीला मी ती वही नेतो. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते हे खरे, पण त्यानंतर ती थांबते असे मानून सराव सोडणे मला अजिबात पटत नाही.

रक्तदाब, साखर आणि गोळ्यांच्या वेळा अर्थातच त्याच वहीत आहेत. रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवायचा आहे. यात हयगय चालत नाही, कारण पहिल्या झटक्यानंतर सुमारे १० टक्के रुग्णांना नव्याने स्मृतिभ्रंश होतो, तर पुन्हा झटका आलेल्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक असते. मनःस्थितीसाठीही मी एक रकाना ठेवला आहे. झटक्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येते, आणि घरचे लोक त्याला सहज 'थकवा' म्हणून मोकळे होतात. मार्गशीर्षात बाबा सारसबागेत फिरायला यायला नको म्हणू लागले, तेव्हा मीही तेच म्हणत होतो. आठवडाभराच्या नोंदी पाहिल्यावर डॉक्टरांशी बोललो आणि उपचार वेळेत सुरू झाले.

परवा जेवताना बाबा थांबले, त्यांनी मान डावीकडे वळवली आणि आईला विचारले, "आज लिंबू नाही वाढलंस?" खरोखरच ती लिंबाची फोड वाढायला विसरली होती.