नांगर नसलेला मॉल

मॉलच्या धंद्यात मोठ्या दुकानाला ‘अँकर’, म्हणजे जहाजाचा नांगर, म्हणतात. लांबट इमारतीच्या दोन टोकांना अशी दोन दुकानं ठेवली, की एकाकडून दुसऱ्याकडे जाणारं गिऱ्हाईक मधल्या लहानसहान दुकानांवरून जातं आणि सगळ्यांचंच भागतं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या ‘रिव्हरवॉक’ मॉलचा भरवसा मात्र अशा अँकरवर नव्हता, समोरून वाहणाऱ्या मिसिसिपी नदीवर होता.

1984 साली या काठावर जागतिक प्रदर्शन भरलं. विषय होता नद्यांचा, आणि प्रदर्शन संपायच्या आतच त्याचं दिवाळं निघालं. मागे उरलेल्या धक्क्याच्या पट्टीत राऊस कंपनीनं 1986 मध्ये मॉल उघडला. याच कंपनीला बाल्टिमोरच्या बंदरात 1980 साली जमलेलं गणित इथेही तेच होतं: लहान दुकानं, भरपूर खाणं आणि बघायला पाणी. पण धक्का बांधतात तो जहाजाच्या मापानं, लांबच लांब आणि अरुंद. तिथला मॉल म्हणजे एक न संपणारी ओसरीच. अशा ओसरीचं पलीकडचं टोक ओस पडतं, कारण पाय दुखले की माणूस मागे फिरतो.

खरं तर ही जमीनही नदीनंच आणून टाकलेली. दोनशे वर्षांपूर्वी काठ चॉपिटुलास रस्त्यापाशी होता. तो रस्ता आता बराच आत राहिला आहे. पुढे साचलेली गाळपेर जमीन कुणाची, यावर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जंगी खटला चालला, त्यात राष्ट्राध्यक्ष जेफरसनही ओढले गेले. पुराबरोबर येणारा जड गाळ आधी काठावरच बसतो, म्हणून या शहरात काठ उंच आणि आतला भाग खोलगट. 2005 च्या कतरिना वादळात सुमारे 80 टक्के शहर बुडालं. नदीकाठची पट्टी मात्र कोरडी राहिली. पाण्याला सगळ्यात जवळ तेच सुरक्षित, असा उफराटा न्याय.

पुराच्या पाण्यापुरताच हा न्याय खरा. 14 डिसेंबर 1996 च्या दुपारी धान्यानं भरलेलं ‘ब्राइट फील्ड’ जहाज प्रवाहाबरोबर खाली येत होतं. वंगणतेलाचा दाब उतरला आणि मुख्य इंजिन आपोआप बंद पडलं. ती व्यवस्था इंजिन जळू नये म्हणून असते. जहाज कुठे आहे, हे तिला ठाऊक नसतं. आणि इंजिनाचा जोर गेला की नुसत्या सुकाणूवर एवढं धूड वळत नाही. भोंगे वाजले, नांगर सोडायचा हुकूम झाला, पण प्रवाहात भरलेलं जहाज काही मीटरांत थांबत नाही. शेजारी प्रवासी जहाज आणि तरंगता जुगारअड्डा उभे होते. त्यांना चुकवून ते थेट मॉलमध्ये घुसलं. साठाएक माणसं जखमी झाली. मेलं कुणी नाही, हे नवलच.

चौकशीत मुख्य दोष जहाजाच्या देखभालीवर आला. पण अहवालानं तटरक्षक दल, बंदर आणि काठावरचे मालक यांनाही सोडलं नाही: जिथे जहाज आदळू शकतं, तिथे आडोशाविना दुकानं थाटताना धोका नीट जोखलाच नव्हता. हा ठपका मला जास्त पटतो. तेलाचा दाब आज ना उद्या कुठल्या तरी जहाजात उतरणारच. धक्क्यावर खरेदीला गर्दी जमवणं ही मात्र ठरवून केलेली गोष्ट.

2014 मध्ये मॉलनं कात टाकली आणि तिथे सवलतीत ब्रँडेड माल विकणारी आउटलेट दुकानं आली. मालवाहू जहाजं आजही त्याच वळणावरून जातात.